लहान हातांसाठी पहिला कन्सोल

निन्टेन्डो स्विचचं गेम कार्ड जिभेला लावलं तर तोंड कडूजहर होतं. जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीच्या त्या प्लास्टिकच्या तुकड्यावर कंपनीने मुद्दाम डेनाटोनियम बेन्झोएट नावाच्या रसायनाचा लेप दिलेला आहे. माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत कडू पदार्थांत त्याची गणना होते. घरातल्या धाकट्याने कार्ड तोंडात टाकलंच, तर गिळण्याआधी थुंकून टाकावं, एवढाच त्यामागचा हेतू. २०१७ साली स्विच बाजारात आला तेव्हा कित्येक मोठ्या माणसांनीही निव्वळ कुतूहलापोटी कार्डं चाटून पाहिली आणि तोंडं वाकडी केली.

लहान मुलासाठी कन्सोल निवडताना विचार करायचा तो अशाच गोष्टींचा. दुकानात मात्र भलतंच ऐकू येतं. फोर-के, टेराफ्लॉप, १२० फ्रेम, रे ट्रेसिंग. सांगणाऱ्या मुलाची चूक नसते. त्याच्याकडे येणारं बहुतेक गिऱ्हाईक वीस-पंचवीस वर्षांचं असतं आणि त्याला हेच ऐकायचं असतं. सहा वर्षांच्या मुलीला यातलं काहीही नको असतं. तिचा अंगठा बटणापर्यंत पोचला पाहिजे, दर अर्ध्या मिनिटाला हरायची वेळ येता कामा नये आणि शेजारी घरातलं कुणीतरी खेळायला बसलं पाहिजे. या तीन गोष्टी आधी ठरवल्या की यंत्र कोणतं हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. हे प्रकरण साधारण चार ते नऊ वर्षांच्या मुलांपुरतं आहे. त्यापुढची मुलं आपली मतं घेऊनच दुकानात येतात आणि ती ना आईबाबांचं ऐकतात, ना पुस्तकाचं.

मुलांचा असा विचार पहिल्यांदा पक्केपणाने झाला तो जपानमध्ये. १५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोने ‘फॅमिली कॉम्प्युटर’ ऊर्फ फॅमिकॉम विकायला काढला. त्याचे रचनाकार मासायुकी उएमुरा. त्या काळच्या यंत्रांना उभी दांडी असलेली जॉयस्टिक असे. उएमुरांना धास्ती होती की, मुलं खेळ संपल्यावर ती जमिनीवर टाकून जातील, कुणाचा तरी पाय पडेल आणि दांडी मोडेल. म्हणून त्यांनी गुनपेई योकोई यांनी हातातल्या छोट्या ‘गेम अँड वॉच’साठी काढलेला अधिकच्या चिन्हासारखा सपाट दिशापट्टा घेतला. आजच्या बहुतेक कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखाली तोच आहे. फॅमिकॉमवर कॅसेट वर उचलून काढायचा एक खटकाही होता. त्याच्यावाचून काम अडत नव्हतं, पण मुलांना तो दाबायला मजा वाटेल म्हणून उएमुरांनी ठेवला. पहिल्या खेपेच्या कंट्रोलरची चौकोनी रबरी बटणं आत अडकून बसत, म्हणून पुढे ती गोल प्लास्टिकची केली गेली. मुलं वस्तू कशी हाताळतात हे पाहून वस्तू बनवायची रीत ती हीच.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जो ‘व्हिडीओ गेम’ आला, तो बहुतेक वेळा याच फॅमिकॉमची बिनपरवाना नक्कल असे. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं आणि आत पंधरा-वीस खेळ आलटून पालटून यायचे. कॅसेट चालेना की फुंकर मारायची. चित्र धड नव्हतं, वायर तोकडी होती, पण खोक्यातून दोन कंट्रोलर निघत. त्यामुळे भाऊ-बहीण, शेजारचा मुलगा, सुट्टीला आलेली मामेबहीण अशी दोघं टीव्हीसमोर सतरंजीवर बसत आणि बाकीची ‘आता माझा नंबर’ करत मागे. आजच्या कित्येक महागड्या खोक्यांतून एकच कंट्रोलर निघतो आणि दुसऱ्याचे पाच-सहा हजार वेगळे मोजावे लागतात. लहान मुलासाठी कन्सोल घेताना खर्चाचा हिशेब दोन कंट्रोलर धरूनच करावा. तेवढं बजेट नसेल तर यंत्र हलकं घ्यावं, दुसरा कंट्रोलर गाळू नये.

आता हातांकडे येऊ. प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स कंट्रोलर साधारण २८० ग्रॅमचा आहे आणि मोठ्या माणसाच्या पंजाला अगदी बेतून केल्यासारखा बसतो. पाच वर्षांचं मूल तो मांडीवर टेकवून धरतं, आणि मग मागच्या बाजूच्या ट्रिगरपर्यंत त्याचं बोट पोचत नाही. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचीही हीच कथा. स्विचच्या दोन बाजूंना लागणारे जॉय-कॉन काढता येतात आणि एकेक आडवा धरून दोघांना खेळता येतं. एकाचं वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. बाबांच्या हातात तो हरवतो, मुलाच्या हातात नेमका बसतो. एकाच खोक्यात दोघांची सोय होते ती अशी.

वजनाहून मोठी अडचण दोन दांड्यांची आहे. आजच्या त्रिमितीय खेळांत डाव्या दांडीने पात्र चालवायचं आणि उजवीने कॅमेरा फिरवायचा. ज्यांनी कधी खेळलेलं नाही अशा आजी-आजोबांच्या हातात कंट्रोलर देऊन पाहा. दोन मिनिटांत पडद्यावर फक्त आभाळ किंवा फक्त जमीन दिसायला लागते. चार-पाच वर्षांच्या मुलाचंही तसंच होतं. त्याला अक्कल कमी नसते, दोन अंगठ्यांनी दोन वेगळी कामं एकाच वेळी करायची सवय अजून लागलेली नसते. म्हणून पहिले खेळ असे निवडावेत, ज्यांत कॅमेरा आपला आपण सांभाळला जातो: बाजूने दिसणारे मारिओचे किंवा कर्बीचे खेळ, शर्यतीचे खेळ, नाचाचे खेळ.

काही खेळ बनवणाऱ्यांनी यापुढे जाऊन विचार केला आहे. २०१७ च्या ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’मध्ये ‘स्मार्ट स्टिअरिंग’ आणि आपोआप वेग घेण्याची सोय आहे. दोन्ही चालू केल्या की चार वर्षांच्या मुलाची गाडीही रस्ता सोडून दरीत जात नाही. एका टीव्हीवर चौघं खेळू शकतात आणि ही सोय ज्याला हवी त्याच्यापुरतीच लावता येते, म्हणजे धाकटी शर्यत पुरी करते आणि दादाला नेहमीच्या कौशल्याने खेळता येतं. २०२३ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’मध्ये योशी आणि नॅबिट या पात्रांना शत्रूचा धक्का लागला तरी इजा होत नाही, खड्ड्यात पडलं तर मात्र जीव जातो. ‘सुपर मारिओ ओडिसी’त एक जण मारिओला चालवतो, दुसरा त्याच्या टोपीला.

एक्सबॉक्सने तर २०१७ पासून यंत्रातच एक सोय दिली आहे, जिच्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. दोन कंट्रोलर जोडून ते एकच असल्यासारखे चालवता येतात. मुलगी गाडी वळवते, आई ब्रेक सांभाळते, आणि खेळाच्या लेखी ते एकाच खेळाडूचं काम असतं. अपंग खेळाडूंना डोळ्यांसमोर ठेवून आणलेली ही सोय लहान मुलांच्या घरांत तितकीच उपयोगी पडते. सोनीनेही पुढे २०२३ मध्ये प्लेस्टेशन ५ वर तशीच सोय दिली. म्हणजे मोठ्या ताईसाठी घरात आधीच यातलं एखादं यंत्र असेल, तर धाकट्यासाठी लगेच दुसरं घ्यायची गरज नाही. आधी सेटिंगमध्ये ही सोय शोधावी.

मराठी घरांना आणखी एक अडचण येते आणि तिचा विचार खरेदीआधी क्वचित होतो. या कन्सोलवर मराठी नाही. मारिओ, कर्बी, प्लेस्टेशनचा ॲस्ट्रो यांना भाषेचं फारसं अडत नाही. काय करायचं ते चित्रावरून कळतं. पण ‘पोकेमॉन’ किंवा ‘ॲनिमल क्रॉसिंग’सारख्या खेळांत पानंच्या पानं इंग्रजी मजकूर येतो. दुसरीतलं मूल मराठी शाळेत असो की इंग्रजी, त्याला ते धड वाचता येत नाही. मग ते कंटाळून नुसतं बटण दाबत सुटतं, नाहीतर दर मिनिटाला ‘आई, काय लिहिलंय?’ विचारतं. आई शेजारी बसून वाचून दाखवणार असेल तर हेच खेळ उत्तम आहेत. कुणी बसणार नसेल तर दोन-तीन वर्षं थांबावं.

किती लहान वयात द्यावा? इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्क्रीनविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत: दोन वर्षांखाली अजिबात नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास, पाच ते दहा वर्षांत दोन तासांपेक्षा कमी. टीव्ही आणि मोबाइल त्यातच आला. जेवताना कार्टून आणि संध्याकाळी आजीच्या मोबाइलवर गाणी यांतच पाचखालच्या मुलाचा तास उडालेला असतो, तेव्हा कन्सोलला जागा उरते कुठे? माझं मत विचाराल तर पाच पूर्ण होईपर्यंत वेगळा कन्सोल घेऊच नये. त्यानंतर घेतला तर तो मोबाइलच्या जागी यावा, मोबाइलच्या भरीला येऊ नये. टीव्हीवरचा कन्सोल मोबाइलपेक्षा एका बाबतीत नक्की बरा: पडदा सगळ्यांना दिसतो, एका जागी असतो आणि बंद केला की बंद होतो.

वयाच्या बाबतीत निन्टेन्डोचाच एक किस्सा सांगण्यासारखा आहे. २०११ साली कंपनीने थ्रीडीएस हा चष्म्याशिवाय त्रिमिती दाखवणारा हातातला कन्सोल आणला. पण सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांनी त्रिमिती बंद ठेवूनच खेळावं, असा इशारा कंपनीनेच दिला होता. मुलांची कंपनी, आणि मुलांसाठीच खास सोय वर्ज्य! २०१३ मध्ये तिने टूडीएस काढला. त्यात त्रिमिती नव्हती, बिजागरी नव्हती, त्यामुळे घडी करताना मोडायची भीती नव्हती, आणि किंमतही कमी होती. दिसायला पाचरीसारखा, कुरूप म्हणून चेष्टेचा विषय झालेला. पण सहा वर्षांच्या हातातून फरशीवर पडूनही चालत राहील असा कन्सोल कुणी ठरवून केला असेल तर तो हा. आता त्याचं उत्पादन बंद आहे. डोक्याला बांधायच्या व्हीआरच्या भानगडीत तर पडूच नये. सोनी स्वतः तिचं उपकरण १२ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही असं सांगते.

मग घ्यायचा कोणता? माझा कौल साध्या स्विचला आहे. नवा स्विच २ जून २०२५ मध्ये आला, त्याचा पडदा मोठा आणि किंमतही मोठी: अमेरिकेत येताना ४५० डॉलर, जिथे पहिला स्विच ३०० डॉलरला आला होता. लहान मुलाला जुना पुरतो. त्यावर घेतलेले बहुतेक खेळ पुढे स्विच २ वरही चालतात, म्हणजे पैसे वाया जात नाहीत.

पण ‘साधा स्विच’ म्हणताना एक खूणगाठ बांधा. दुकानात लहान मुलासाठी म्हटलं की स्विच लाइट पुढे केला जातो. स्वस्त, हलका, रंगीत, काही निखळून पडणार नाही असा एकसंध. सगळं खरं आहे. पण लाइट टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर काढता येत नाहीत. म्हणजे साडेपाच इंचांच्या पडद्यात मान घालून मूल एकटं कोपऱ्यात बसणार, ते काय खेळतंय हे तुम्हाला दिसणार नाही आणि शेजारी बसायचं निमित्तही राहणार नाही. हा शेवटी बटणं असलेला मोबाइलच झाला. बारा वर्षांच्या, रोज शाळेच्या बसमध्ये तासभर घालवणाऱ्या मुलाला लाइट जरूर घ्या. सहा वर्षांच्या मुलाला नको.

डोळ्यांचाही मुद्दा आहेच. जवळचं काम वाढून मुलांची नजर बिघडायला लागली, तेव्हा तैवानने २०१० पासून शाळांमधून मुलांना रोज दोन तास घराबाहेर, उजेडात काढायची मोहीम चालवली, कारण बाहेरचा उजेड लघुदृष्टी होण्यापासून बराचसा वाचवतो असं अभ्यासांतून दिसलं होतं. कन्सोल टीव्हीवर असला तर निदान पडदा दूर राहतो. संध्याकाळ मैदानावर घालवून आल्यावर खेळ, हा क्रम उलटा करू नये.

स्विचची खोट सांगायलाच हवी. त्याच्या जॉय-कॉनची दांडी काही काळाने कुणी हात न लावताही आपोआप एका बाजूला सरकू लागते. अमेरिकेत यावरून २०१९ मध्ये खटले झाले, आणि २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. भारतात हा त्रास जास्त होतो, कारण स्विच इथे अधिकृतपणे आलाच नाही. दुकानात किंवा ऑनलाइन दिसतो तो कुणीतरी आयात केलेला. वॉरंटी म्हणजे त्या दुकानदाराचा शब्द. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत दांडी बदलून देणारे कारागीर मिळतात, पण लहान गावात राहत असाल तर हा विचार आधी करा. अमेरिकेतून कुणी काका-मावशी येणार असतील तर त्यांच्याकडून मागवायला हरकत नाही. स्विचचा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त पिन बदलणारा जोड लागतो. खेळाची कार्डंही कुठल्याही देशातली चालतात.

आणि वीज. लोडशेडिंगच्या गावांत टीव्हीवर खेळता खेळता वीज गेली तर स्विच उचलून हातात घ्यायचा, खेळ तिथूनच पुढे. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स जागच्या जागी मरतो, केलेली वाटचाल जाते आणि वरून डेटा बिघडण्याची धास्ती. ती यंत्रं घेणार असाल तर इन्व्हर्टरचा खर्च धरा.

अधिकृत बिल, कंपनीची वॉरंटी, भारतातच दुरुस्ती हे ज्यांना महत्त्वाचं वाटतं त्यांच्यासाठी एक्सबॉक्स सिरीज एस आणि प्लेस्टेशन ५ हे दोन रस्ते उरतात. सिरीज एस नोव्हेंबर २०२० मध्ये आला तेव्हा ३४,९९० रुपयांना होता. लहान, पांढरा, न तापणारा आणि शांत. ‘माइनक्राफ्ट’ त्यावर दोघांना एका पडद्यावर खेळता येतो, आणि गेम पासचं मासिक भाडं भरलं की शेकडो खेळ मिळतात. मुलांचा जीव एका खेळावर महिनाभरही टिकत नाही, तेव्हा हे भाडं परवडतं. पण त्याला डिस्कची खाच नाही. म्हणजे खेळ उतरवून घ्यायला दणकट इंटरनेट हवं, आणि जुने खेळ विकायची किंवा मित्राशी बदलायची सोय नाही.

प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, डिस्कवाला ४९,९९० रुपयांना. त्याच्यासोबत फुकट येणारा ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ हा लहान मुलाला कंट्रोलर शिकवणारा फार गोड खेळ आहे. पावसाचे थेंब, वाळू, बर्फ हातातल्या कंपनांतून जाणवतात. ‘सॅकबॉय’ चौघांना मिळून खेळता येतो. पण लहान मुलांसाठी अशा खेळांचा साठा तिथे पटकन आटतो. बाबांनाच प्लेस्टेशन हवा असेल तर तसं सरळ म्हणावं आणि घ्यावा. मुलाचं नाव पुढे करायचं कारण नाही.

‘जेलब्रेक’ केलेला, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून आत पन्नास खेळ भरून दिलेला स्विच बाजारात स्वस्तात मिळतो. चोरीचा माल हा मुद्दा एकीकडे ठेवला तरी कंपनी अशी यंत्रं ओळखून ऑनलाइन सेवेतून कायमची बाद करते. सेकंडहँड घेताना म्हणूनच दुकानातच वाय-फायला जोडून खेळांचं दुकान उघडतं का पाहावं, दांड्या सोडून दिल्यावर पात्र आपोआप चालतं का पाहावं, आणि आधीच्या मालकाचं खातं काढून घ्यावं. टीव्हीला खोचायच्या, हजारो जुने खेळ असलेल्या गेम स्टिक तर त्याहूनही स्वस्त मिळतात. त्यातले बहुतेक खेळ नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या वळणाचे, म्हणजे खेळणाऱ्याला लवकर मारायला केलेले. आपल्याला ते जुन्या आठवणींमुळे आवडतात. सहा वर्षांच्या मुलाला त्यांतून फक्त हरणं मिळतं.

डब्यावरचे वयाचे शिक्के कसे वाचायचे? आपल्याकडे दिसतात ते युरोपातल्या पेगीचे, म्हणजे ३, ७, १२, १६, १८, नाहीतर अमेरिकेतल्या ईएसआरबीचे. अमेरिकी पद्धत १९९४ साली आली. ‘मॉर्टल कॉम्बॅट’मधल्या रक्तपातावरून आदल्या वर्षी तिथल्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या होत्या, त्याचा हा परिणाम. हे शिक्के उपयोगी आहेत, पण ते सांगतात आशयाबद्दल. खेळ सोपा आहे की अवघड, मुलाला झेपेल की नाही, हे सांगत नाहीत. फुटबॉलच्या फिफा खेळांवर वर्षानुवर्षं ३ चा शिक्का होता. तीन वर्षांच्या मुलाला तो खेळता येणं अशक्य. शिवाय त्याच खेळात खऱ्या पैशांनी खेळाडूंची बंद पाकिटं विकत घ्यायची सोय, आत कोण निघेल ते नशीब. २०२० पासून पेगीने अशा खेळांवर वेगळी सूचना छापायला घेतली. ती ओळ बारीक अक्षरात असते. ती वाचा.

पैशांच्या बाबतीत भोळेपणा करू नये. डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत करण्यासाठी होते, कारण बटणांची मांडणीच अशी होती की चुकून खरेदी होई आणि मुलं पालकांना न विचारता पैसे उडवू शकत. उरलेले साडेसत्तावीस कोटी मुलांची माहिती त्यांच्या पालकांना न विचारता गोळा केल्याबद्दल. अनोळखी माणसांशी बोलायची सोय मुलांसाठीही आपोआप चालू ठेवल्याचा ठपकाही होता. आपण म्हणतो, आपल्याकडे ओटीपी लागतो. पण ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो बहुधा मुलाच्याच हातात असतो, आणि परदेशी दुकानांत कित्येकदा ओटीपी विचारलाही जात नाही. तेव्हा कार्ड खात्याला जोडूच नये. गिफ्ट कार्डाने ठरावीक रक्कम भरावी, खरेदीला पिन लावावा, आणि तो मुलाची जन्मतारीख नसावा. ऑनलाइन गप्पा बंद. ‘रोब्लॉक्स’सारखी ठिकाणं, जिथे खेळ कुणीही बनवतो आणि कुणीही भेटतो, ती या वयात मला पसंत नाहीत.

वेळेचं कुलूप तिन्ही कंपन्यांकडे आहे. निन्टेन्डोचं मोबाइलवर चालतं: किती वेळ, कोणता खेळ, सगळं दिसतं आणि वेळ संपली की खेळ थांबवताही येतो. मात्र डाव रंगात असताना यंत्र बंद पडलं तर मूल रडणारच; मोठ्या माणसाच्या हातातून शेवटच्या षटकात रिमोट काढून घ्या, तोही चिडेल. ‘पाच मिनिटं राहिली’ यापेक्षा ‘ही शर्यत झाली की बंद’ हे मुलाला कळतं, कारण शर्यतीला शेवट असतो आणि ती दोन-तीन मिनिटांत संपते. ज्या खेळांना शेवटच नाही ते या वयात अवघड जातात, याचं कारण हेच. आणि एखाद्या रविवारी मुलगा तीन तास खेळला म्हणून लगेच व्यसनाची भाषा करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराची नोंद केली आहे खरी, पण सर्वसाधारणपणे वर्षभर खेळावरचा ताबा सुटलेला असणं आणि त्यापायी बाकी आयुष्य कोलमडणं ही त्याची अट आहे. मुलाला फिट येण्याचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका. १९९७ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटामुळे सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं.

सगळं ठरलं, खोका घरी आला, तर तो वाढदिवसाच्या सकाळी मुलासमोर पहिल्यांदा उघडू नका. नवा कन्सोल सुरू होताच अपडेट मागतो आणि मग तासभर पडद्यावर एक निळी पट्टी सरकत राहते. आदल्या रात्री मूल झोपल्यावर तो जोडा, अपडेट करा, मुलाचं वेगळं खातं उघडून त्यात खरं वय टाका, पिन लावा, गप्पा बंद करा, वेळ बांधा, एकच खेळ घालून ठेवा. दुसरा कंट्रोलरही त्याच रात्री चार्ज करा, कारण सकाळी तो तुम्हालाच हातात घ्यायचा आहे.